मंडळीच्या सेवेतली धावपळ कमी कशी करावी: सुट्टी सर्वात शेवटी

मंडळीच्या (एका चर्चच्या ख्रिस्ती समुदायाच्या) सेवेतला माणूस थकला की पहिल्यांदा सुट्टी घेतो. आठ दिवस बाहेर, फोन बंद. परत येतो तर साचलेली कामं दुप्पट झालेली असतात, तीन जण नाराज असतात आणि महिन्याभरात सगळं जैसे थे. मग तो स्वतःलाच दोष देतो की आपल्याला शिस्त नाही. शिस्तीचा इथे फारसा संबंध नसतो, क्रम चुकलेला असतो. कामाची छाटणी न करता विश्रांती घेणं म्हणजे आधी कळस, मग पाया.

क्रम असा ठेवा: तयारी, नोंद, वर्गवारी, वडिलांची (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठ पुढाऱ्यांची) संमती, काही कामं बंद करणं, काही सोपवणं, त्यानंतर विश्रांतीचा दिवस आणि शेवटी रोजचा वेग. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे, त्यामुळे मधला गाळून पुढे जाता येत नाही. सगळं अंगवळणी पडायला सहा महिने तरी धरा. हे पाळकांसाठी (मंडळीच्या धर्मगुरूंसाठी) आहेच, पण वडील, युवक संघ किंवा संडे स्कूल चालवणारे आणि नोकरी सांभाळून सेवा करणारे यांनाही तितकंच लागू आहे.

## तयारी: सुरुवात करण्याआधी

शरीर आधी. बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला ना उपदेश करतो, ना कामाची यादी देतो. त्याला झोपू देतो, भाकर-पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. होरेब डोंगरावरचं देवाचं बोलणं नंतरचं, चाळीस दिवस चालून गेल्यावरचं. तुम्ही त्या झुडपाखाली असाल तर नोंदवह्या आणि बैठका तूर्त बाजूला ठेवा.

ते ओळखायचं कसं? जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची तीन लक्षणं दिली आहेत: अंगातलं त्राण संपणं, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. मंडळीच्या सेवेत ही लक्षणं वेगळ्या वेषात येतात. फोनवर अमुक एक नाव दिसलं की पोटात गोळा येतो. अंत्यविधीला उभं असताना डोक्यात पुढची बैठक चालू असते. उपदेश जुन्या वहीतून काढला जातो आणि त्याचं काही वाटेनासं होतं.

> सावधान: आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर हा लेख इथेच थांबवा. आजच डॉक्टरांना भेटा आणि घरातल्या एकाला तरी सांगा. प्रार्थना सोबत चालू राहू द्या, पण उपचाराच्या जागी नको. अशा अवस्थेत उपास धरू नका.

मंडळीबाहेरचा एक जाणता माणूस शोधा. निवृत्त पाळक, दुसऱ्या मंडळीतली सेविका, जुना वर्गमित्र, कोणीही चालेल. अट एकच: तुमच्या मंडळीतल्या भानगडींशी त्याचा संबंध नसावा आणि तुमच्या पदाचा त्याला धाक नसावा. महिन्यातून एकदा तो विचारेल, "काय बंद केलंत?"

मुहूर्त बघून घ्या. नाताळच्या आधीचा महिना आणि लेंटपासून (ईस्टरआधीच्या उपासकाळापासून) ईस्टरपर्यंतचा काळ टाळा. त्या दिवसांतली नोंद खोटी निघते, आणि त्या गडबडीत वडिलांकडून कोणताही निर्णय मिळत नाही.

## टप्पा १: दोन आठवड्यांची नोंद

साधी वही घ्या. चार रकाने आखा: वेळ, काम, कोणी सांगितलं, मी नसतो तर काय झालं असतं. चौथा रकाना सर्वात महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच आळसाने कोरा सोडतात. नोंद साधारण अशी दिसते:

- *स. ६.३०.* फोन, सभागृहाची किल्ली कुठे आहे. स्वयंसेवकाने विचारलं. मी नसतो तर: दुसऱ्या कुणाला विचारून पाच मिनिटांत मिळाली असती.
- *स. ९.* उपदेशाची तयारी. मधे चार फोन, शेवटी जेमतेम वीस मिनिटं. कोणी सांगितलं: माझंच काम. मी नसतो तर: रविवारी दुसऱ्याला उभं राहावं लागलं असतं.
- *स. ११.* शस्त्रक्रियेआधी रुग्णासोबत प्रार्थना. कुटुंबाने बोलावलं. मी नसतो तर: त्यांना एकटं वाटलं असतं.
- *दु. ३.* बाप्तिस्म्याच्या दाखल्याची नक्कल शोधली. मी नसतो तर: कार्यालयातून कोणीही दिली असती, पण कपाटाची चावी माझ्याकडे.
- *रा. ८.* गायनसंघाच्या सरावाला बसलो. कोणी बोलावलं नव्हतं. मी नसतो तर: सराव झालाच असता.

ही पाच ओळींची नोंद बरंच सांगते. दाखल्याची ओळ बघा. धावपळ लोकांनी लादलेली वाटते, पण चावी आपणच आपल्या कपाटात ठेवलेली असते. सरावाच्या ओळीत तर कुणाचीच मागणी नाही.

नोंद त्याच दिवशी झोपण्यापूर्वी पूर्ण करा. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलेल्या नोंदीत प्रार्थनेचा वेळ हमखास वाढतो आणि फोनचा वेळ गळतो.

> तपासा: नोंदीत फोन आणि संदेशांना गेलेला वेळ आहे का? घरी जेवताना घेतलेले फोन आहेत का? रात्री उशिरा पाठवलेली उत्तरं? नसतील तर आणखी एक आठवडा नोंद करा.

## टप्पा २: कामांची वर्गवारी

आता प्रत्येक काम तीनपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग: माझ्या पाचारणातलं (देवाने मला ज्यासाठी बोलावलं ते), मीच करायचं. दुसरा: गरजेचं आहे, पण दुसरा कोणी करू शकतो. तिसरा: कुणीच केलं नाही तरी चालेल.

पहिल्या ढिगाची कसोटी प्रेषितांची कृत्ये ६ मधून घ्या. विधवांच्या रोजच्या वाटणीत भेदभाव होतो अशी कुरकुर यरुशलेमेच्या मंडळीत सुरू झाली. तक्रार खरी होती आणि काम पवित्रच होतं. तरी प्रेषितांनी (येशूने निवडून पाठवलेल्या शिष्यांनी) ते स्वतःच्या अंगावर घेतलं नाही, आपण प्रार्थना आणि वचनाच्या सेवेत राहू म्हणाले. त्याचबरोबर ते काम त्यांनी वाऱ्यावरही सोडलं नाही, त्यासाठी सात माणसं नेमली. काम चांगलं आहे एवढ्यावरून ते तुमचं ठरत नाही. ते तुम्हाला छान जमतं यावरूनही नाही, आणि सेवेतली हुशार माणसं अडकतात ती बहुधा याच जागी.

इथली नेहमीची चूक म्हणजे पहिला ढीग फुगवणं. "माझ्याशिवाय होणार नाही" असं प्रत्येक कामापुढे लिहून होतं. मग चौथा रकाना पुन्हा वाचा. तिथे तुम्हीच लिहिलं आहे की सराव झालाच असता.

दुसरी चूक उलट दिशेची: नकोशी माणसं दुसऱ्या ढिगात टाकणं. किचकट कौटुंबिक भांडण, मंडळीवर रुसलेलं घर, सतत टीका करणारा सभासद. ही भेट दुसऱ्याला सोपवून हलकं वाटेल, पण तो पळ काढणं झालं. मेंढपाळाचं काम मेंढरांपासून सुटका करून घेऊन हलकं होत नसतं.

> तपासा: पहिल्या ढिगात निम्म्याहून जास्त कामं असतील तर वही त्या बाहेरच्या जाणत्या माणसाला दाखवा. त्याला दोन कामं उचलून दुसऱ्या ढिगात टाकू द्या. हुज्जत घालू नका.

## टप्पा ३: वडिलांची संमती

या टप्प्याआधी कुणालाही काहीही जाहीर करू नका. व्यासपीठावरून "यापुढे मी सोमवारी उपलब्ध नसेन" असं सांगून सुरुवात करणारे बरेच असतात. त्या वाक्यानंतर मंडळीत दोन तट पडतात, आणि ज्या वडिलांनी पाठीशी उभं राहायचं, त्यांनाही ही बातमी इतरांबरोबरच कळलेली असते.

वडिलांकडे जाताना दोन कागद न्या: तीन ढिगांची यादी आणि ठरावाचा मसुदा. थकव्याचं गाऱ्हाणं नेऊ नका. ते नेलंत तर संवाद असा होतो:

"पाळकसाहेब, दमलात ना? घ्या की आठ दिवस सुट्टी!"

विषय संपला. सगळे मनापासून बोलले आणि काहीच बदललं नाही. त्याऐवजी उत्तर तयार ठेवा:

"सुट्टी घेईनच. पण आज या यादीवर निर्णय हवाय. यातली दोन कामं बंद करायची आहेत आणि चार कोणीतरी घ्यायची आहेत. कोणती, ते आपण मिळून ठरवू."

कोणी म्हणेल, "आधीचे पाळक तर रात्री-अपरात्रीही यायचे." वाद घालू नका, त्यांच्या सेवेला नावंही ठेवू नका. "मृत्यू, गंभीर आजार किंवा घरातली मारहाण असेल तर मीही येईन. बाकीच्यांसाठी कोण, तेवढं ठरवू," असं म्हणून यादीवर परत या.

ठरलेलं इतिवृत्तात लिहून घ्या: कोणतं काम, कोणाकडे, कोणत्या तारखेपासून, आढावा कधी. तोंडी संमती पहिल्या तक्रारीला विरघळते.

नोकरी सांभाळून सेवा करणाऱ्यांना हा टप्पा आणखी गरजेचा आहे. त्यांचे तास मुळातच थोडे, आणि वडिलांना ते दिसत नाहीत. नोंदीत नोकरीचे तासही दाखवा. सेवेसाठी आठवड्यात किती तास उरतात तो आकडा मोठ्या अक्षरात लिहा आणि त्यात काय बसतं ते वडिलांनाच ठरवू द्या.

## टप्पा ४: आधी बंद करा, मग सोपवा

हे दोन उलटे केले की तिसऱ्या ढिगातली निकामी कामं भल्या माणसांच्या गळ्यात पडतात आणि वर्षभरात तीही थकतात. म्हणून आधी बंद.

बंद करायला काय निघतं? तीनच माणसं येतात ती आठवड्याची सभा, कारण सुरू करणाऱ्यांच्या भावना दुखावतील. कोणी वाचत नाही तो मासिक अहवाल. दोन समित्या, ज्यांत तीच पाच माणसं बसतात. वर्धापनदिनाला जोडून सुरू झालेला आणि मग बंदच न झालेला उपक्रम.

बंद करण्याची रीत अशी ठेवा:

1. ते काम चालवणाऱ्यांना घरी जाऊन भेटा. सभेत जाहीर होण्याआधी त्यांना तुमच्या तोंडून कळलं पाहिजे.
2. शेवटची तारीख ठरवा. "हळूहळू कमी करू" म्हटलेलं काम कधीच कमी होत नाही.
3. शेवटच्या दिवशी नावं घेऊन आभार माना आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करा.
4. तीन महिने त्या जागी नवीन काहीही सुरू करू नका.

चौथी सूचना सर्वात कमी पाळली जाते. मोकळी झालेली संध्याकाळ बघून कुणाला तरी नवी कल्पना सुचतेच, आणि बहुतेक वेळा ती पुढाऱ्यालाच सुचते. एक ना धड, भाराभर चिंध्या झालेल्या मंडळीत आणखी एका चिंधीची भर पडते.

एखादं काम बंद करायचं की नाही यावर वडिलांचं एकमत होत नसेल तर ते तीन महिने थांबवून बघा. कोणी विचारलंच नाही तर उत्तर मिळालं.

## टप्पा ५: कामं सोपवणं

निर्गम १८ मध्ये इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसतो. त्याचा सासरा इथ्रो ते बघतो आणि सांगतो की अशाने तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. लोकांची झीज आपण सहसा धरत नाही. दिवसभर रांगेत उभं राहून दमलेली माणसं तीही होती. इथ्रोच्या सल्ल्यात सोपवण्याचे तिन्ही भाग आहेत: माणसं कशी निवडायची (कर्तबगार, देवभीरू, सत्यप्रिय, लाचेचा तिटकारा असलेली), प्रत्येकाकडे किती लोक (हजार, शंभर, पन्नास, दहा), आणि वर काय आणायचं (अवघड ते मोशेकडे, बाकी त्यांनीच निकाली काढायचं).

तिसरा भाग न लिहिल्यामुळे सोपवलेलं काम उलटून येतं. म्हणून प्रत्येक कामासाठी अर्ध्या पानाचा कागद करा. रुग्णभेटीचा असा होऊ शकतो: साधा आजार आणि घरी आराम, तर त्या भागातले वडील जातील. रुग्णालयात दाखल, तर पहिल्या दिवशी वडील आणि पुढच्या दोन दिवसांत पाळक. शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग किंवा मृत्यू, तर लगेच पाळकांना फोन. घरातली गुपितं कळली तर ती तिथेच राहतील, प्रार्थनेच्या विषयांच्या यादीतही येणार नाहीत.

मग चार पायऱ्या. तो माणूस तुमच्यासोबत येतो आणि बघतो. मग दोघं मिळून करता. मग तो करतो, तुम्ही गप्प बसता. मग तुम्ही जातच नाही. तिसऱ्या पायरीवर गप्प बसणं बोलण्याची सवय असलेल्या माणसाला फार जड जातं.

शेवटी उपासनेत त्याची ओळख करून द्या आणि हात ठेवून प्रार्थना करा. कृत्ये ६ मध्येही सात जणांना मंडळीने निवडलं आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवले. असं उघड नेमलं नाही तर लोक त्याला पाळकाचा हरकाम्या समजतात आणि फोन तुम्हालाच करतात.

> सावधान, तीन गोष्टी घाईत सोपवू नका. दानाची मोजणी कधीही एकट्याकडे देऊ नका, किमान दोन असंबंधित माणसं हवीत आणि दोघांच्या सह्या. मुलांचं काम नीट चौकशी न करता कुणाला देऊ नका, आणि एकच मोठा माणूस मुलांसोबत बंद खोलीत राहील अशी व्यवस्था ठेवू नका. समुपदेशनातली गोपनीय कागदपत्रं काम सोपवण्याच्या ओघात देऊ नका.

काम सुरुवातीला तुमच्यापेक्षा कच्चं होईल. घोषणा चुकतील, एखाद्या घरी भेट द्यायची राहील. अशा वेळी काम परत ओढून घेणं ही या टप्प्यावरची सर्वात महागात पडणारी चूक. एकदा परत घेतलंत की तो माणूस पुन्हा पुढे येत नाही, आणि बाकीचेही शहाणे होतात. चूक त्याच्याशी एकट्यात बोला, काम त्याच्याकडेच राहू द्या.

## टप्पा ६: विश्रांतीचा दिवस

आता कुठे विश्रांतीचा विषय काढायचा. आधीचे टप्पे झाले असतील तर या दिवशी फोन कोणी उचलायचा हे ठरलेलं असतं.

रविवार हा पाळकाचा कामाचा दिवस आहे हे मान्य करून टाका. येशूने मत्तय १२ मध्ये म्हटलंच आहे की शब्बाथ दिवशी (यहुद्यांच्या सातव्या, विश्रांतीच्या दिवशी) मंदिरातले याजक, म्हणजे पुरोहित, काम करतात आणि तरी निर्दोष असतात. याचा अर्थ त्यांना विश्रांती नको होती असा नाही. याजकांचे चोवीस वर्ग होते आणि ते पाळीपाळीने सेवेला येत. पाळी संपली की माणूस घरी जाई. लूक १ मधला जखऱ्या याजकही सेवेचे दिवस भरल्यावर घरी गेला.

दिवस कोणता? बरेच जण सोमवार घेतात. मला तो फारसा पटत नाही: रविवारच्या श्रमाने माणूस अर्धमेला असतो आणि मुलं शाळेत असतात. घरच्यांनाही सवड असेल असा दिवस किंवा अर्धा दिवस सापडत असेल तर तो धरा. पण कोणता यापेक्षा ठरलेला असणं महत्त्वाचं. "या आठवड्यात जमेल तेव्हा" म्हटलेली विश्रांती जमत नाही.

आदल्या संध्याकाळपासून सुरू करा. शब्बाथ सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत पाळला जातो. व्यवहारात याचा मोठा फायदा आहे: विश्रांतीची सुरुवात झोपेने होते. सकाळी उठून "आजपासून विश्रांती" म्हणणारा माणूस आधी काल राहिलेला एक फोन करतो, मग दुसरा. संध्याकाळी वही मिटा, उरलेल्या कामांची यादी करून खणात टाका, फोन ठरलेल्या वडिलांकडे वळवा. नोकरी सांभाळून सेवा करणाऱ्यांनी संध्याकाळ ते दुसऱ्या दिवशी दुपार एवढं तरी मिळवावं.

हंगामातही. निर्गम ३४:२१ मध्ये नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही सातव्या दिवशी थांबायला सांगितलं आहे. शेतकऱ्याला एक दिवसही जड जाईल असे नेमके हेच काळ. नाताळ आणि ईस्टरच्या आठवड्यांत दिवस मागेपुढे करा, पण वगळू नका. आणि सणानंतरचे तीन दिवस आत्ताच कोरे ठेवा.

त्या दिवशी काय करायचं? सेवेशी संबंधित काहीही नाही. उपदेशाला उपयोगी पडेल म्हणून चाळलेलं पुस्तक हेही कामच. झोप, चालणं, घरच्यांसोबत जेवण, हाताने करायचं एखादं काम. पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थ वाटेल, चिडचिड होईल, कुणाला आपली आठवणही आली नाही याचं वाईटसुद्धा वाटेल. ते तसंच राहू द्या, फोन हातात घेऊन शमवू नका.

> तपासा: मागच्या चार आठवड्यांत विश्रांतीचा दिवस किती वेळा मोडला? एकदा मोडला तर हरकत नाही. तीनदा मोडला तर टप्पा ४ किंवा ५ अर्धवट राहिला आहे, तिथे परत जा.

## टप्पा ७: रोजचा वेग

आठवड्यात एक दिवस थांबून बाकी सहा दिवस पायाला भिंगरी लावली तर उपयोग नाही. दिवसात तीन गोष्टी करा.

पहिली, उपदेशाची तयारी आठवड्याच्या पहिल्या भागात, ठरलेल्या सकाळी. शनिवारी रात्री उपदेश लिहिणारा माणूस आठवडाभर मनाने शनिवारीच असतो. आणि तयारी म्हणजे प्रार्थना असं धरू नका. ज्या प्रार्थनेतून उपदेश, घोषणा किंवा निर्णय काहीच निघायचं नसतं, तिला वेगळी वेळ द्या. मार्क १ मध्ये कफर्णहूमात संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलं होतं. दुसऱ्या दिवशी येशू पहाटे, अंधार असतानाच, एकांतात प्रार्थनेला गेला. त्याचा शिष्य शिमोन शोधत आला आणि म्हणाला की सगळे तुला शोधताहेत. येशूने उत्तर दिलं, आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ. मागणी खरी होती, तरी तिने त्याचा पुढचा दिवस ठरवला नाही.

दुसरी, दिवसाचा चौथा हिस्सा कोरा ठेवा. हे आळसासाठी नाही. मार्क ५ मध्ये याईराची मुलगी मरणाच्या दारात आहे, येशू तिकडे निघाला आहे, आणि वाटेत बारा वर्षं रक्तस्राव होत असलेली बाई त्याच्या वस्त्राला शिवते. तो थांबतो, तिचं सगळं बोलणं ऐकून घेतो. शिष्यांना हे वेळ घालवणं वाटतं. काठोकाठ भरलेल्या दिवसात अशी बाई अडथळा ठरते. संथ होण्याचा अर्थ लोकांना टाळणं असा ज्यांनी घेतला, त्यांनी ही गोष्ट परत वाचावी. अंत्यविधीनंतर अर्धा तास काहीच लावू नका. दोन भेटी पाठोपाठ घेऊ नका.

तिसरी, भेटीत बसा. उंबऱ्यात उभ्याने प्रार्थना करून निघू नका, फोन खिशात असू द्या, आणि "मी जरा घाईत आहे" हे वाक्य टाकून द्या. ते ऐकलं की माणूस औषधांचं सांगतो आणि भीतीचं गिळून टाकतो. दहाच मिनिटं असतील तर बसून दहा मिनिटं द्या.

नाही म्हणायची तयारीही लागते. "बघतो" किंवा "प्रयत्न करतो" ही उत्तरं बंद करा, समोरचा ती होकार म्हणूनच घेतो. साधं बोला: "त्या दिवशी मी येणार नाही. हे काम अमुक बहीण बघतात, त्यांना सांगतो का?" कारणांची माळ लावू नका. एकेका कारणावर समोरचा तोडगा काढतो आणि शेवटी तुम्ही जाता.

## मोडल्यावर काय, आणि आढावा

घडी मोडणारच. मार्क ६ मध्ये शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, म्हणून येशू त्यांना एकांतात विसावा घ्यायला घेऊन निघाला. मचवा किनाऱ्याला लागेपर्यंत लोक पायी धावत पुढे पोचले होते. त्याला त्यांचा कळवळा आला, त्याने शिकवलं, पाच हजार पुरुषांना जेवू घातलं. मग शिष्यांना मचव्यात बसवून पुढे पाठवलं, लोकांना निरोप दिला आणि डोंगरावर प्रार्थनेला गेला. हुकलेला एकांत त्याने त्याच रात्री परत घेतला. तुमचाही दिवस मोडला तर त्याची भरपाई त्याच आठवड्यात, तारीख घालून, वडिलांना कळवून घ्या.

दर तीन महिन्यांनी पुन्हा एक आठवडा नोंद करा आणि पहिल्या वहीशेजारी ठेवा. घरच्यांना एकच प्रश्न विचारा: "मी घरी असतो तेव्हा असतो का?" उत्तरावर स्पष्टीकरण देऊ नका, ते वहीत लिहा. वर्षातून एकदा वडिलांसमोर दुसराही प्रश्न ठेवा: मी पदावरून उतरलो तर काय बंद पडेल? गणना ८ मध्ये लेव्यांना (उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या लेवी वंशातल्या लोकांना) पन्नासाव्या वर्षी नेमलेल्या सेवेतून मोकळं केलं आहे, त्यापुढे त्यांनी भावांना हातभार लावायचा. वयाची तीच रेघ ओढायला हवी असं नाही, पण जे काम तुमच्या एकट्यावर टिकून आहे, ते पुढच्या वर्षीच्या सोपवण्याच्या यादीत सर्वात वर असू द्या.

लांब रजा, महिनाभराची किंवा त्याहून मोठी, घ्यायची असेल तर ती निदान दोन आढावे पार पडल्यावर घ्या. तोवर सोपवलेली कामं आपल्या पायावर उभी झालेली असतात आणि परतल्यावर किल्ल्यांचा जुडगा पुन्हा तुमच्या हातात येत नाही. पहिल्या तिमाहीत एकच सभा बंद झाली आणि एकच काम नीट सोपवलं गेलं, तर तेवढ्यावर घाबरून नवी योजना आखू नका. यादीतलं पुढचं एक काम वडिलांच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घाला.